मॅडमना कसं सांगणार?

ठाण्याचं नाव काढलं की बाहेरगावच्या लग्नात एखादे तरी काका हमखास विचारतात, "ठाण्याचे का? मग हॉस्पिटलच्या आत राहता की बाहेर?" आणि स्वतःच हसतात. मनोरुग्णालय आमच्याकडे 1901 सालापासून आहे, त्यामुळे हा विनोद आम्हाला वारशाने मिळालाय. आता त्याच्याच जमिनीवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन यायचंय, तेव्हा पुढच्या पिढीतले काका काय विचारतील कोण जाणे. पण याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्यांबद्दल चारचौघांत मराठीतून बोलायची सवय हळूहळू लागली. आज नौपाड्यात, पाचपाखाडीत दाताच्या दवाखान्याशेजारी समुपदेशनाची पाटी दिसली तर कुणी थबकत नाही.

थेरपी घेतो असं सांगणारी माणसंही आता भेटतात. "खूप फायदा झाला" म्हणतात, आणि तो झालेलाच असतो. पण "गेले, आणि तिथेच मला लागलं" असं कुणी मोकळेपणी सांगताना मी ऐकलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने चुकीची दाढ कोरली तर अख्ख्या सोसायटीला कळतं, नावानिशी कळतं. इथे मात्र ज्याचं बिनसलं तो गुपचूप जायचा बंद होतो आणि विचारलं तर सांगतो, "आता बरं वाटतंय, गरज नाही."

मीही वर्षभर हेच सांगत होते.

आई गेली आणि तिच्यामागोमाग माझी झोप गेली. तिचं दुखणं लांबलं होतं, शेवटची वर्षं ती माझ्याकडेच होती. भेटायला आलेली माणसं "सुटली बिचारी" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची, म्हणजे नक्की कोण सुटलं ते कळायचं. मी सहकारी बँकेत आहे. दिवसअखेरीचा मेळ लागेना, सारख्या चुका व्हायला लागल्या, तेव्हा आमच्या मॅनेजरनीच केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कुणाशी तरी बोला.

ठाण्यात जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. महानगर वगैरे म्हणायला ठीक आहे, पण नौपाड्यातल्या मराठी माणसांपुरतं ठाणं अजून गावच आहे. गोखले रोडवर कोथिंबीर घ्यायला थांबलं तरी कुणीतरी "इकडे कुठे?" विचारतंच. म्हणून वाशी. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडलं की ओळखीचं कुणी भेटायची धास्ती संपायची. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. "त्यापेक्षा सकाळी तलावपाळीला फेऱ्या मार," असं त्याचं मत होतं, पण अडवलं नाही.

मॅडम चांगल्या होत्या. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचून त्या खलनायिका वाटतील आणि तशा त्या नव्हत्या. पहिल्या काही भेटींत मी नुसती रडले आणि त्यांनी रडू दिलं. घरी रडायला लागलं की कुणीतरी लगेच पाणी आणून देतं, आणि पाणी प्यायल्यावर रडणं थांबवावं लागतं. तिथे कुणी पाणी दिलं नाही. झोपही थोडी थोडी यायला लागली. मग एकदा मी त्यांना गोळ्यांच्या डब्याबद्दल सांगितलं.

आईचा प्लास्टिकचा डबा होता, सात वारांचे खण, प्रत्येक खणात सकाळ-दुपार-रात्र. झाकणांवर मीच मार्करने सो, मं, बु लिहिलेलं. दर रविवारी रात्री जेवणं झाली की मी तो भरायचे. आई गेल्यावरही भरत राहिले. उरलेल्या बीपीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, त्या मोजून टाकायच्या, पुढच्या रविवारी काढून घ्यायच्या आणि पुन्हा त्याच टाकायच्या. नवऱ्याला वाटायचं मी माझीच औषधं लावतेय. हे मी आयुष्यात फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एका महिला मंडळाची व्याख्यानं होती. एका संध्याकाळी वक्त्या म्हणून नेमक्या मॅडम. विषय होता दुःखातून सावरणं. मला उगाचच अभिमान वाटला, जणू घरचंच कुणी बोलणार आहे. शेजारच्या काकूंबरोबर गेले. ओळख दाखवायची नाही, हे मनाशी घोकत पाचव्या रांगेत बसले.

बोलल्या छानच. मध्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे पुण्याच्या एक बाई यायच्या, शाळेत शिक्षिका. वडील गेले त्यांचे." आणि मग डबा आला. सात खणांचा, झाकणांवर मार्करने वार लिहिलेला. पुणे, शिक्षिका, वडील, सगळं बदललं होतं, डबा मात्र तसाच. त्याहून वाईट म्हणजे त्याला तिखटमीठ लावलं होतं. त्या बाई म्हणे जेवताना वडिलांच्या पाटाशेजारी डबा मांडायच्या आणि "बाबा, दुपारची घेतलीत का?" असं विचारायच्या. सभागृहात आधी चुकचुकणं झालं, मग कुठूनतरी हसू फुटलं आणि पसरलं. मॅडम हसू ओसरेपर्यंत थांबल्या. सराईत वक्ते थांबतात तशा.

काकूंनी माझ्या हातावर वेलदोडा ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, "काय बाई एकेक माणसं असतात!"

मी म्हटलं, "हो ना."

मी आईला कधी हाक मारली नव्हती. ताट मांडलं नव्हतं. ते खोटं आहे, मला तेवढं तरी कळत होतं, हे उठून सांगावंसं वाटत होतं. आणि सांगितलं असतं तर बाकीचं खरं असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं.

पुढच्या भेटीत मी विषय काढला. त्यासाठी वाशीपर्यंत मनात वाक्यं जुळवत गेले होते. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते तुमच्याबद्दलच होतं, असं तुम्हाला का वाटलं?" मी डब्याचं म्हटलं. त्या म्हणाल्या, "असे डबे खूप घरांत असतात." मग थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात, "पण एवढा राग आलाय, तो नक्की कुणाचा आहे? आईचा तर नाही ना? यावर आपण काम करू या."

मी गप्प झाले. कारण आईवर राग होताच माझा. लांबलेल्या दुखण्यात कुणाचा नसतो? त्यांनी जे बोट ठेवलं ते खऱ्याच जागेवर ठेवलं, फक्त भलत्या वेळी. मी त्यांच्याविरुद्ध केलेली तक्रार दोन वाक्यांत माझ्या आजाराचा भाग झाली होती. उरलेला वेळ मी आईबद्दल बोलले, फी दिली, "थँक यू मॅडम" म्हटलं आणि परत कधी गेले नाही.

नंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले. बँकेतली सवय, कागद तपासल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा कळलं की माझ्यासारखी बाई सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातही होती. 1900 सालच्या ऑक्टोबरात 17-18 वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याकडे आणून बसवलं. वडिलांच्या स्नेह्याने तिच्याशी लगट केली होती, आणि घरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. फ्रॉइडने घटना खरी मानली, पण पुढे तिला समजावत राहिला की मनातून तुलाही तो माणूस हवाच आहे. ती नाही म्हणाली की त्याच्या लेखी तोही पुरावाच, कारण अचेतन मनात नकार असा नसतोच, हे त्याचं म्हणणं. 31 डिसेंबरला ती शेवटची आली आणि उपचार बंद करून गेली. 1905 साली फ्रॉइडने तिचं नाव बदलून, डोरा या नावाने, सगळी हकिगत छापली. प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की हे तिच्या वाचनात आलं तर तिला वाईट वाटेल, पण तिला माहीत नाही असं यात काही नाही, आणि ही तीच आहे हे तिच्याशिवाय कोण ओळखणार?

तिच्याशिवाय कोण ओळखणार! हे वाचलं तेव्हा मला पाचवी रांग आठवली. ओळखणारी ती एकटीच असते, म्हणूनच तर कुणाकडे बोलता येत नाही. फ्रॉइडचं एवढं खरं की हा उपचार फसला आणि त्यात आपलंही काही निसटलं, हे त्याने त्याच हकिगतीत मान्य केलं. मॅडमनी तेवढंही केलं नाही.

थेरपीने कुणाचं बिघडूही शकतं, हे या व्यवसायातल्या लोकांना ठाऊक नाही असं नाही. ॲलन बर्गिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 सालीच लिहिलं होतं की उपचार घेणाऱ्यांतले काही सुधारतात आणि काही चक्क खालावतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या 14,000 हून जास्त लोकांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण 20 जणांमागे एकाने सांगितलं की उपचारांचा वाईट परिणाम माझ्यावर राहून गेला. आपल्याला नक्की कसली थेरपी दिली जातेय हे ज्यांना धड माहीत नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. मलाही माहीत नव्हतं. विचारायचं असतं, हेही माहीत नव्हतं. बँकेत साधी मुदत ठेव ठेवताना माणसं मला दहा प्रश्न विचारतात.

सगळ्यात जास्त मी थबकले ती 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासापाशी. थेरपिस्टांना विचारलं होतं की तुमच्या या 550 क्लायंटपैकी कुणाची तब्येत बिघडेल असं वाटतं? त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. बिघडली 40 जणांची, आणि त्या तिघांतला एकच त्या 40 मध्ये होता. म्हणजे समोर बसलेलं माणूस खचत चाललंय हे समोरच्याला दिसत नाही. त्यात दुष्टावा नाही. 2012 सालच्या दुसऱ्या एका पाहणीत थेरपिस्टांना स्वतःलाच गुण द्यायला सांगितले, तर स्वतःला सरासरीहून कमी लेखणारा एकही निघाला नाही. (आमच्या शाखेत अशी पाहणी केली तर वेगळं काही निघेल असं मला वाटत नाही, पण आमच्याकडे ऑडिट असतं.)

आणि त्यांना दिसावं तरी कसं? आपण दाखवतो का? 547 क्लायंटना विचारलेल्या 2016 सालच्या अभ्यासात 93 टक्क्यांनी सांगितलं की थेरपिस्टशी आपण कधी ना कधी खोटं बोललोय. सगळ्यात जास्त खोटं आपल्याला किती वाईट वाटतंय याबद्दल, ते कमी करून सांगण्याचं. थेरपिस्टचं बोलणं आवडल्याचं नाटक करणं, हेही नेहमीच्या खोट्यांपैकी एक. हे सगळे अमेरिकेतले लोक बरं का, जिथे ग्राहक बिनदिक्कत तक्रार करतो असं आपण समजतो. आपण तर डॉक्टरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारी माणसं. मॅडम शिकलेल्या, वयाने मोठ्या, त्यात भेटीची वेळ मिळायलाच तीन आठवडे लागलेले. त्यांना तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणायचं? घरी मोठ्यांशी कधी बोललो नाही तसं?

जेरेमी सफ्रान आणि ख्रिस्तोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतल्या अशा बिनसण्यावरच वर्षानुवर्षं काम केलंय. ते म्हणतात, क्लायंट दोन तऱ्हांनी बिनसल्याचं दाखवतो. एक तर भांडतो, नाहीतर मागे सरतो. मागे सरणारा विषय बदलतो, हसून होकार देतो, उगीच जास्त आज्ञाधारक होतो. भांडणारा तरी ओळखू येतो. मी त्या दिवशी "थँक यू मॅडम" म्हटलं, ते असं मागे सरणं होतं, आणि मॅडमच्या वहीत बहुधा भेट चांगली झाल्याची नोंद असेल.

घरी सांगायची सोय नव्हतीच. नवऱ्याच्या "तलावपाळीला फेऱ्या मार"वर मात करून गेलेली मी. आता परत येऊन काय सांगणार, तुझं बरोबर होतं? जे जे घरच्यांचा विरोध पत्करून तिथे जातात त्या सगळ्यांची ही गोची होते. थेरपिस्टला बोललं तर ते लक्षण ठरतं, घरी बोललं तर "सांगत नव्हतो?" ठरतं.

मैत्रिणींपुढे हळूहळू तोंड उघडलं, तेव्हा एकेकीकडून निघायला लागलं. घोडबंदरला राहणारी एक सहकारी घरात एकांत नाही म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऑनलाइन सेशन करायची. काचा वर, एसी बंद, वॉचमन येऊन "मॅडम, काही प्रॉब्लेम?" विचारून जायचा. पलीकडची बंगळुरूची तरुण मुलगी तिला प्रत्येक वेळी सांगायची की सासूपासून थोडं अंतर ठेवा, स्वतःची जागा तयार करा. वन बीएचकेत पाच माणसं. जागा हाच तर प्रश्न होता! तिने ते सांगितलं तेव्हा उत्तर आलं की तुम्ही कारणं देताय. तिला त्या मुलीचा राग नव्हता. आपलंच काहीतरी कमी पडतंय असं तिला वाटत राहिलं, आणि मला हे रागापेक्षा वाईट वाटतं.

खारघरच्या एका ओळखीतल्या मुलाचं प्रकरण मात्र साधं बिनसण्याचं नव्हतं. त्याने घरी सांगितलं की मी गे आहे, तर आईवडील त्याला "बदलून देतो" म्हणणाऱ्या एका समुपदेशकाकडे घेऊन गेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 2022 साली नॅशनल मेडिकल कमिशनने असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण कमिशनचा हात डॉक्टरांपर्यंत पोचतो आणि हा गृहस्थ डॉक्टर नव्हताच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, ती मागून बघता येते. नुसतं काउन्सेलर म्हणवून घ्यायला आजवर असं काही लागत नव्हतं. डॉक्टर सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या 2021 च्या कायद्याने त्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतलंय, पण कागदावरचा कायदा दारावरच्या पाटीपर्यंत यायला वेळ घेतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, सेवेतल्या उणिवांबद्दल तक्रारीचाही आहे. तक्रार पहिल्यांदा त्या आस्थापनेच्या प्रमुखाकडे करायची. एका खोलीत एकट्याने चालवलेल्या दवाखान्याचे प्रमुख कोण, हे सांगायला नको.

हे सगळं लिहू नकोस, असं मला एका मैत्रिणीने कळकळीने सांगितलं. ती स्वतः या क्षेत्रात आहे. तिचं म्हणणं, 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या विकारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते, कसेबसे येतात त्यांना तू घाबरवशील. मला तिची काळजी समजते. पण आलेला माणूस दुखावून गुपचूप निघून गेला तर तो परत त्याच टक्क्यांत जाऊन बसतो, आणि या वेळी कायमचा. त्याचा हिशोब कुठल्या पाहणीत धरायचा?

तिचा दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा होता. थेरपीत मध्ये काही आठवडे आणखी वाईट वाटू शकतं, झाकलेलं वर आलं की ढवळतंच, त्याला वाईट थेरपी म्हणायचं नाही. हे बरोबर आहे. आणि खोल काम चाललंय म्हणून होणारा त्रास कुठला, कुणी दुखावलं म्हणून होणारा कुठला, हे परतीच्या लोकलमध्ये बसल्यावर कळत नाही. दोन्ही वेळा घणसोलीपर्यंत डोळे गळतातच. मला स्वतःपुरती एकच खूण सापडली आहे. तो त्रास त्याच खोलीत बोलून दाखवता येतो का, आणि दाखवल्यावर त्याचं काय होतं? समोरचं माणूस त्याच्याकडे आधी तक्रार म्हणून बघतं का, आणि मग, हवं तर, लक्षण म्हणून?

आता मी ठाण्यातच जाते, चालत. इकडे कुठे, असं विचारणाऱ्यांना सांगते की काउन्सेलरकडे. या बाई माझ्याहून लहान आहेत, मला ताई म्हणतात. त्यांनी पहिल्याच भेटीत नोंदणी, शिक्षण, कुठल्या पद्धतीने काम करतात, ते न विचारता सांगितलं. माझं कुठलंही उदाहरण कुठेही, नाव बदलूनसुद्धा, विचारल्याशिवाय वापरणार नाही हे कागदावर लिहून दिलं. ते मात्र मी मागितलं होतं. आणि विचारलं, "ताई, माझं एखादं बोलणं खटकलं तर सांगाल का?" मी "हो" म्हटलं, जे अर्थात खोटं होतं.

परवा मात्र वेळ आली. आईच्या चिपळूणच्या घराचं चाललंय. मी हक्कसोडपत्र करून द्यावं, असं भावाचं म्हणणं आहे. बाई म्हणाल्या, "भावाची बाजूही एकदा समजून घ्या ना." माझं डोकंच फिरलं. चार वर्षं आईचं अंथरूण काढलं कुणी? मी म्हटलं, "हे मला आवडलं नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठलं? भावाचं म्हटलं ते, की ‘समजून घ्या’ म्हटलं ते?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाई केली मी. तुमचं ऐकून व्हायच्या आत बोलले." आणि मग म्हणाल्या, पण त्यांचं मत अजून तेच आहे. अर्धा तास आम्ही त्यावरून घासाघीस केली. आवाज माझाच चढला होता. बाहेर वेटिंगमध्ये बसलेल्या मुलाने मी निघताना चमकून पाहिलं.

फी त्यांनी पूर्ण घेतली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा याच विषयावर बसायचंय, आणि हक्कसोडपत्रावर मी अजून सही केलेली नाही.